साळव्यांचं गुप्त सत्कर्म

लेंटच्या, म्हणजे ईस्टरआधीच्या चाळीस दिवसांच्या उपासाच्या, पहिल्या रविवारी रेव्हरंड बनसोडे उपदेशाला उभे राहिले, तेव्हा त्र्यंबक शांतवन साळवे तिसऱ्या बाकावर, पंख्याखाली बसले होते. हा पंखा साळव्यांनीच चर्चच्या मंडळीला भेट दिलेला. त्याच्या तीन पात्यांवर त्यांनी तीन शब्द रंगवून घेतले होते: एकावर 'त्र्यंबक', दुसऱ्यावर 'शांतवन' आणि तिसऱ्यावर 'साळवे'. पंखा फिरायला लागला की अर्थातच काही वाचता येत नसे. त्यामुळे भर उपासनेत वीज गेली की बाकीची मंडळी वारा घ्यायला काहीतरी शोधू लागत आणि साळव्यांच्या चेहऱ्यावर मात्र मंद समाधान पसरे.

माणूस वाईट नव्हता. उलट फार चांगला होता, आणि अडचण तीच होती. चांगुलपणा केला आणि चार लोकांना तो कळला नाही, तर साळव्यांना जेवल्यासारखं वाटत नसे. शेजाऱ्याला दवाखान्यात पोचवलं तर परतताना ते तीन घरांत डोकावून, 'आत्ताच दवाखान्यातून येतोय' असं सांगून पुढे जात. खोटं मात्र कधी बोलायचे नाहीत. कोलशेतच्या रंगाच्या कारखान्यात ते स्टोअरकीपर होते, आणि तिथे साहेबसुद्धा त्यांना काही विचारण्यापूर्वी दोनदा विचार करत, कारण साळवे खरं सांगून टाकतील ही भीती असे.

तर त्या रविवारी बनसोडेसाहेब म्हणाले, "मटण-मासळी सोडणं सोपं आहे हो. चाळीस दिवस जीभ आवळली की झालं. या वर्षी एक अवघड काम करा. ज्या माणसाचा तुम्हाला सगळ्यात जास्त राग येतो, त्याच्यासाठी रोज काहीतरी चांगलं करा. पण गुपचूप! त्यालाही कळता कामा नये, बायकोलाही नाही, मलाही नाही. लोकांना कळलं, लोकांनी वाहवा केली, की तेच तुमचं बक्षीस. वरती मग काही शिल्लक नाही."

नेमकी त्याच क्षणी वीज गेली. पंखा मंदावला, नाव दिसू लागलं आणि पाळकसाहेबांची नजर सहज वर गेली. ती सहज गेली की मुद्दाम, यावर साळव्यांनी पुढचे दोन दिवस विचार केला. तिसऱ्या दिवशी त्यांच्या मनात एक भयंकर शंका आली: आपण आजवर जे जे चांगलं केलं, त्याचं सगळं इथल्या इथेच वसूल झालेलं असेल तर? पन्नाशीला आलेल्या माणसाच्या नावावर वरती एकही गोष्ट जमा नसेल तर?

त्यांनी ठरवलं. आयुष्यात एक, फक्त एक चांगली गोष्ट अशी करायची की जी कुणालाही कळणार नाही.

राग कुणाचा येतो हे शोधायला लांब जावं लागलं नाही. ती तळमजल्यावर राहत होती.

मनुबाई नाखवा ठाण्याच्या बाजारात मासळी विकायची. मैत्री सोसायटीची ही तीन मजली इमारत उभी राहण्यापूर्वी त्या जागेवर तिच्या सासऱ्याचं खळं होतं, म्हणजे मासळी सुकवायचं अंगण. बिल्डरने खळं घेतलं आणि बदल्यात तळमजल्याचा ब्लॉक दिला. पण मनुबाईच्या मते व्यवहार अजून पुरा झाला नव्हता. "खालचं खलं तुमी घेतलांव," ती म्हणायची, "मंग वरचं माजं." आणि ती पाट्या घेऊन थेट गच्चीवर जायची. दोरीवर बोंबील, जुन्या लुगड्यावर जवळा, दुसऱ्या लुगड्यावर मांदेली. गच्चीच्या बरोबर खाली साळव्यांचा ब्लॉक होता. साळव्यांनी सोसायटीकडे तीनदा लेखी तक्रार केली होती. तिसऱ्या तक्रारीत 'मानवी नाकाची मर्यादा' असे शब्द होते. त्यावर मनुबाई भर जिन्यात म्हणाली होती, "सालव्या, तुजं नाक तुज्या घरान ठेव. माजी मासली माज्या खल्यान हाय."

आता याच बाईचं याच मासळीबाबत भलं करायचं होतं. साळव्यांनी निरीक्षण केलं. मनुबाई सकाळी मासळी पसरून बाजारात जाते, ती उन्हं कलल्यावर परतते. मधल्या वेळात कावळे आणि मांजरं आपापला वाटा नेतात. मासळी वेळेवर पलटली जात नाही. साळवे दुपारी जेवायला घरी येत. वासंतीबाई, म्हणजे त्यांची बायको, म्युनिसिपल शाळेत दुपारच्या सत्राला शिकवायच्या, त्यामुळे घर मोकळं. सगळं इतकं जुळून आलं की साळव्यांना त्यात देवाचा हात दिसला. तो हात आपल्याला कुठे नेणार आहे हे मात्र त्यांना दिसलं नाही.

पहिल्या दुपारी ते नाकाला रुमाल बांधून गच्चीवर गेले, कावळे हाकलले आणि मांदेलीचा एकेक मासा दोन बोटांनी उचलून पलटला. अंगावर काटा आला. पण जिन्यातून उतरताना मनात असा काही आनंद दाटला की तो कुणालातरी सांगावा म्हणून त्यांनी पहिल्या मजल्यावरच्या मधुकाका पेंडशांच्या दाराची कडी जवळजवळ वाजवलीच. हात मागे घेतला. तो हात मागे घेणं, हे साळव्यांच्या चाळीस दिवसांतलं सगळ्यात मोठं तप होतं, असं माझं मत आहे.

चार दिवसांत ते सरावले. आठवड्यात रुमाल सुटला. मग त्यांच्यातला स्टोअरकीपर जागा झाला, आणि इथेच घात झाला. ज्या माणसाने वीस वर्षं रंगाचे डबे आकाराप्रमाणे मांडले, त्याला समोर वेडीवाकडी पसरलेली मांदेली बघवेना. साळव्यांनी ती लावायला घेतली. मोठी वर, मधली मध्ये, बारकी खाली. सगळ्यांची डोकी एका दिशेला, शेपट्या सुतात. दोरीवरच्या बोंबलांमध्ये सारखं अंतर. जवळा बारीक, त्याला काही करता येईना, म्हणून फुटपट्टीने त्याच्या कडा सरळ करून चौकोन केला. लांबून पाहिलं तर कुणीतरी मासळीची सतरंजी विणली आहे असं वाटे.

आता घरची गोष्ट.

लेंटमध्ये साळव्यांच्या घरी मासळी बंद. वासंतीबाई यात इतक्या काटेकोर की सुक्या बोंबलाची बरणीसुद्धा लेंट लागायच्या आदल्या दिवशी शेजारी ठेवायला देत. दुसऱ्या आठवड्यात एका संध्याकाळी त्यांनी नवऱ्याचा शर्ट धुवायला घेतला आणि हात थांबला.

"अहो, इकडे या जरा. हा कसला वास?"

साळवे आले. "जवळ्याचा," ते म्हणाले. खोटं बोलता येत नव्हतं.

"जवळ्याचा? लेंटमध्ये? कुठे खाल्लात?"

"खाल्ला नाही."

"मग शर्टाला कसा लागला?"

"ते सांगता येणार नाही."

वासंतीबाईंनी शर्ट बादलीत टाकला. "आणि हाताला हे काय ओरखडलंय?"

"मांजर."

"कुणाचं?"

"ओळखीचं नव्हतं."

एवढ्यावरून बाईमाणसाने काय समजायचं? वासंतीबाईंनी जे समजायचं ते समजून घेतलं: नवरा उपासात चोरून मासे खातो, आणि तेही अशा ठिकाणी जिथे मांजराशी मारामारी करावी लागते. त्यांनी रडून पाहिलं, अबोला धरून पाहिला, मोहने गावी भावाकडे निघून जायची धमकी देऊन पाहिली. साळव्यांचं एकच उत्तर: "अगं, विश्वास ठेव." नवऱ्याने हे वाक्य उच्चारलं की बायकोचा उरलासुरला विश्वासही जातो, हे त्यांना कुणी सांगितलं नव्हतं.

शेवटी वासंतीबाईंनी पाळकसाहेबांना गाठलं. बनसोडेसाहेब घरी आले, चहा प्यायले, साळव्यांच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "बंधू, पाय कुणाचाही घसरतो. पापलेटही असतं मोहात पाडणारं."

"जवळा आहे, साहेब," साळवे म्हणाले.

"जवळ्यासाठी?" पाळकसाहेबांना जास्तच वाईट वाटलं. पडायचंच तर माणसाने बऱ्यापैकी गोष्टीसाठी पडावं.

त्या बुधवारच्या प्रार्थनासभेत त्यांनी डोळे मिटून मागितलं, "प्रभू, आमच्यातल्या एका बंधूसाठी विनंती करतो, ज्याचं नाव मी घेणार नाही, जो कोलशेतला राहतो आणि ज्याच्या पत्नीचं नाव वासंती आहे." सगळ्यांनी 'आमेन' म्हटलं, आणि तीन-चार जणांनी ते डोळे किलकिले करून साळव्यांकडे बघत म्हटलं.

हे सगळं नेमकं त्याच वर्षी, जेव्हा साळवे मंडळीचे 'वडील' व्हायचे होते. मंडळीत वडील म्हणजे कारभार पाहणारे पाच मानाचे सभासद. त्यांची निवड झावळ्यांच्या रविवारी, म्हणजे ईस्टरच्या आधीच्या रविवारी व्हायची होती. साळव्यांनी या मानाची बारा वर्षं वाट पाहिली होती. एक वाक्य बोललं असतं तर बायको परत मिळाली असती, मान मिळाला असता, शिवाय वाहवा. पण मग ती एकुलती एक गुप्त गोष्ट गेली असती. साळवे गप्प राहिले आणि रोज दुपारी मांदेलीच्या रांगा लावत राहिले.

इकडे तळमजल्यावर वेगळंच शिजत होतं. मनुबाईला आधी आनंद झाला. मासळी कमी होत नव्हती, सुकत छान होती. ती एकवीरा आईची कृपा समजली आणि तिने कार्ल्याला जायचा नवसही बोलला. पण मग रांगा दिसू लागल्या. ती सेक्रेटरी तानाजीराव जगदाळ्यांना हाताला धरून गच्चीवर घेऊन गेली. मागून मधुकाका पेंडसे, आणि त्यांच्यामागून जगदाळ्यांची बायको मालन.

सगळे मासळीभोवती वाकून उभे राहिले.

"यो मानूस करल?" मनुबाई म्हणाली. "सगल्यांची तोंडं येके बाजूला. माजा बाप पन अशी मासली लावत नव्हता."

मालन म्हणाली, "करणी आहे ही. आमच्या साताऱ्याकडं अशीच लिंबं मांडली होती एकाच्या दारात. पुढं त्याची म्हैस आटली."

"अहो, करणी कसली?" मधुकाका म्हणाले. ते पुण्याहून येऊन कोलशेतला स्थायिक झाले होते, पण मनाने अजून पुण्यातच होते. "ही दिशा बघा. बरोबर खाडीकडे तोंडं. हा काहीतरी संकेत आहे. स्मगलिंगचा. मी स्पष्ट बोलतो, राग मानू नका, पण या मांदेलीतून बोटीला खूण केली जात आहे."

"बोटीला गच्चीवरची मांदेली दिसंल का काका?" जगदाळ्यांनी विचारलं.

"दुर्बीण असते त्यांच्याकडे," मधुकाका म्हणाले, आणि विषय संपवला.

जगदाळे एसटीत कंट्रोलर होते आणि गोंधळ दिसला की त्यांना आधी चौकशी समिती सुचायची. समितीचा प्रमुख कोण? जो गच्चीकडे फिरकतसुद्धा नाही, ज्याला सुकत्या मासळीच्या वासाचा तिटकारा आहे आणि जो खोटं बोलत नाही असा माणूस हवा. असा माणूस सोसायटीत एकच होता.

"साळवेसाहेब, तुमीच," जगदाळे दारात उभं राहून म्हणाले. "तुमच्यावर कुणी बोट ठेवणार नाही."

"मला यातून वगळा," साळवे कळवळून म्हणाले. "मी या कामाला योग्य माणूस नाही. खरंच सांगतो."

"हाच तर तुमचा मोठेपणा," जगदाळे म्हणाले आणि टाळी वाजवून निघून गेले.

अशा रीतीने साळवे दुपारी मांदेली लावत आणि संध्याकाळी ती कुणी लावली याचा तपास करत. तपासात त्यांनी खोटं एक अक्षर काढलं नाही. "काही सुगावा?" असं कुणी विचारलं तर "बराच" म्हणायचे. "आपल्यातलाच आहे का?" "आपल्यातलाच." "तुम्हाला कळलंय कोण ते?" "पहिल्या दिवसापासून." लोक आदराने बघत. आतल्या गोटातलं जाणणारा आणि तरी न बोलणारा अधिकारी असाच असतो, असं मधुकाका म्हणाले.

पण मनुबाईचा समित्यांवर विश्वास नव्हता. झावळ्यांच्या रविवारच्या आदल्या दिवशी, शनिवारी सकाळी तिने मासळीवर कावळ्यांसाठी जाळं पसरलं, चार कोपऱ्यांवर दगड ठेवले आणि दगडांच्या खालच्या अंगाला कपड्यांना घालायची नीळ भरपूर चोपडून ठेवली.

त्या दुपारी ऊन मी म्हणत होतं. साळव्यांचे हात घामाने ओले. त्यांनी चारही दगड दोन्ही हातांनी प्रेमाने उचलले, मांदेली पलटली, दगड परत ठेवले. जिन्यात आल्यावर कपाळाचा घाम पुसणार तेवढ्यात त्यांना स्वतःचे हात दिसले.

साबण, रॉकेल, राख, लिंबू, कारखान्यातून आणलेलं थिनर. नीळ फिकी पडण्याऐवजी पसरत गेली. थिनरनंतर ती मनगटापर्यंत आली. साळवे हात खिशात घालून बसले. चहाही त्यांनी बशी टेबलावर ठेवून, तोंड खाली नेऊन प्यायला.

संध्याकाळी गच्चीवर तातडीची सभा. वासंतीबाई अबोला न मोडता आल्या आणि दुसऱ्या टोकाला बसल्या. मनुबाईने नीळ चोपडल्याचं जाहीर केलं आणि जगदाळ्यांनी हुकूम दिला: "समद्यांनी हात दाखवायचे. साळवेसाहेब तपासतील."

साळवे पँटच्या खिशात हात घालून रांगेपुढून फिरू लागले. एकेक हात पुढे येई, ते मान वाकवून बघत आणि 'ठीक' म्हणत. मधुकाकांनी हात दाखवताना आपल्या आयुष्यरेषेबद्दलही विचारलं. रांग संपत आली. साळव्यांना वाटलं, सुटलो. चोर सापडला नाही म्हणून सभा उठेल, पुढे उत्तम शुक्रवार म्हणजे गुड फ्रायडे, मग ईस्टर, आणि वरती एक तरी गोष्ट जमा.

रांगेत शेवटी वॉचमन काळुराम उभा होता. त्याने हात पुढे केले. दोन्ही निळे.

"सापडला!" मालन ओरडली.

"सायेब, मी युनिफारम धुतला आज," काळुराम घाबरून म्हणाला. "पांढरा हाय ना. नीळ दिली त्याला. बगा, वाळतोय तिथं."

"नेमकी आजच नीळ?" मधुकाका म्हणाले. "आणि स्मगलरना लागतो तो वॉचमनच. मी पहिल्यापासून म्हणत होतो."

"तुमी बोट म्हणत होता काका."

"बोटीचा वॉचमन."

जगदाळ्यांचा आवाज चढला. "काळुराम, उद्यापासून येऊ नगंस. आजच खोली मोकळी कर. बायको-पोरांना घेऊन निघायचं. साळवेसाहेब, तुमचा अहवाल हाच ना?"

काळुरामने साळव्यांकडे पाहिलं. साळव्यांनी आकाशाकडे पाहिलं. तिथून काही मदत येण्याचं चिन्ह नव्हतं. फक्त एक कावळा टाकीवर बसून मांदेलीचा अंदाज घेत होता. साळव्यांच्या तोंडून सवयीने "हट्!" गेलं आणि त्याला हाकलायला हात वर गेले. दोन्ही. म्हणजे नंतर ते प्रामाणिकपणे सांगत असत की कावळा नसता तरी मी हात काढलेच असते, अर्ध्या मिनिटात काढलेच असते. ते कधी खोटं बोलत नाहीत, तेव्हा आपण मानू या.

गच्चीवर बारा बिऱ्हाडं आणि वर दोन निळे हात.

"मी," साळवे म्हणाले. "काळुराम नाही. मी."

"तुमी?" जगदाळे खाली बसले. "पण का?"

"ते विचारू नका. केलं एवढं खरं." 'का' तेवढं उरलं होतं, ते तरी वाचवावं असं त्यांना वाटत होतं.

वासंतीबाई उठून पुढे आल्या. कितीतरी दिवसांनी पहिल्यांदा बोलल्या. "म्हणजे खाल्ला नव्हतात?"

"नाही."

"नुसता वास?"

"नुसता वास."

"ते मांजर?"

"हेच. इथलं. त्या पत्र्यामागचं."

आता मनुबाई उठली. पदर खोचून ती साळव्यांच्या पुढ्यात उभी राहिली आणि कोर्टात वकील विचारतो तशी विचारू लागली. "कवापासून?"

"महिना झाला."

"कावले?"

"हाकलले."

"पलटली कोनी?"

"मीच."

"आनि या रांगा?"

"ते... ते मला बघवलं नाही."

मनुबाईने मांदेलीच्या रांगांकडे पाहिलं, त्यांच्या निळ्या हातांकडे पाहिलं. मग जी हसायला लागली, ती टाकीला धरून हसली, बसून हसली, डोळे पुसून परत हसली. "आगं बाय! आय एकवीरा म्हनून ज्याला नवस बोलले तो यो सालव्या! नाकाला फडकं बांधून माजा जवला राखतंय!" आणि मग एकदम गंभीर होऊन तिने गच्चीच्या कठड्यावरून खाली, गल्लीत, पलीकडच्या गल्लीत आणि वारा बरा होता म्हणून खाडीपर्यंत ऐकू जाईल अशा आवाजात ही बातमी सांगितली.

दुसऱ्या दिवशी मंडळी हातात झावळ्या घेऊन गात चर्चभोवती फिरत असताना मनुबाई नाखवा आठ कोळणींना घेऊन हजर झाली. केसांत अबोली, कमरेला चाव्या, डोक्यावर सुक्या बोंबलांची पाटी. "आमची मासली राखनारा देवमानूस कुठं हाय?" तिने फाटकातून विचारलं. देवमाणूस झावळीमागे निळे हात लपवून उभा होता. बनसोडेसाहेबांनी तयार करून आणलेला उपदेश बाजूला ठेवला आणि साळव्यांवरच बोलले. नाव घेऊन, पत्त्यासह, पाऊण तास. "गुपचूप चांगलं करावं तर असं!" ते म्हणाले, आणि कर्णा लावलेला असल्यामुळे ते रस्त्यावरच्या रिक्षावाल्यांनीही ऐकलं. त्यानंतर साळवे एकमताने वडील निवडून आले. वासंतीबाई रडल्या. कोळणींनी टाळ्या पिटल्या. बारा वर्षं ज्याची वाट पाहिली ते सगळं एका सकाळी पदरात पडलं, आणि साळवे बाकावर असे बसले होते की नवख्या माणसाला वाटावं, यांच्या घरी कुणीतरी गेलंय.

कळलं. वाहवा झाली. वरती काही शिल्लक नाही.

मनुबाईने बाहेर पडताना सांगून टाकलं, "आता लपून कशाला? उद्यापासून उगड ये. पन रांगा नको लावू, गिऱ्हाईक भिते."

पुढचे दिवस आणखी अवघड गेले. सोसायटीत काहीही बरं घडलं की ते साळव्यांच्या खात्यावर जाई. जिन्यातला नळ गळायचा थांबला, साळवे. मधुकाकांची हरवलेली छत्री सापडली, साळवे. "मी नाही हो," ते तळमळून सांगत. लोक हसून म्हणत, "तुम्ही असंच म्हणणार!" आयुष्यभर ज्याच्या शब्दावर कुणी शंका घेतली नाही, तो आता खरं बोलला की लोकांना खोटा वाटू लागला, आणि त्याबद्दल मान देऊ लागला.

पवित्र आठवड्यातल्या, म्हणजे ईस्टरआधीच्या आठवड्यातल्या, मंगळवारी काळुरामने त्यांना फाटकात अडवलं. अंगावर कोरा करकरीत युनिफॉर्म. "सायेब, सकाळी खुर्चीवर ठेवलेला व्हता. पोरांना खाऊ पण. लई उपकार झाले."

"काळुराम, मी ठेवला नाही."

"कळतंय सायेब," काळुराम म्हणाला आणि त्यांच्या पाया पडला.

साळव्यांना आता राहवेना. आपल्या नावावर कोण काय करतंय हे शोधलंच पाहिजे. चौकशी समिती तांत्रिकदृष्ट्या अजून बरखास्त झाली नव्हती. बुधवारी पहाटे ते दूध आणायला म्हणून उतरले आणि पहिल्या मजल्याच्या वळणावर थबकले. खाली जिन्यात एक लठ्ठ आकृती चवड्यांवर चालत होती. चपला एका हातात, केळ्यांची फणी दुसऱ्या हातात. तिने फणी काळुरामच्या खुर्चीवर ठेवली, इकडेतिकडे पाहिलं आणि चोरासारखी परत वळली. एसटीचा कंट्रोलर, मैत्री सोसायटीचा सेक्रेटरी, काळुरामला बायको-पोरांसकट बाहेर काढायला निघालेला तानाजी जगदाळे!

साळवे भिंतीला चिकटून उभे राहिले. जगदाळे धापा टाकत शेजारून वर गेले. अंधार होता, त्यांना काही दिसलं नाही.

साळव्यांच्या तोंडाशी सगळं आलं होतं. मधुकाकांचं दार चार पावलांवर. एक कडी वाजवायची आणि स्वतःवरचा आळ दूर. वर जगदाळ्यांचीही वाहवा. पण जिन्यात उभं राहून त्यांना ती चवड्यांवरची चाल पुन्हा पुन्हा आठवली. ते दूध घेऊन वर गेले. वासंतीबाईंनी विचारलं, "एवढा वेळ?" ते म्हणाले, "जिन्यात थांबलो होतो." आणि तेही खरंच होतं.

ईस्टरनंतरच्या रविवारी सोसायटीची सभा भरली. विषय पहिला: वॉचमनला गणवेश दिल्याबद्दल श्री. साळवे यांच्या अभिनंदनाचा ठराव. मांडला मधुकाकांनी, अनुमोदन मालनबाईंचं. अध्यक्षस्थानी जगदाळे. घसा खाकरून त्यांनी ठराव वाचला, वाचताना दोनदा ओळ चुकली, आणि साळव्यांच्या बाजूला त्यांनी एकदाही पाहिलं नाही.

"मंजूर! मंजूर!"

"साळवेसाहेब, दोन शब्द," मधुकाका म्हणाले.

साळवे उठले. 'मी नाही' म्हटलं तर कुणी मानणार नव्हतं, पण शोध सुरू झाला असता. मधुकाका दुर्बीण घेऊन बसले असते. 'मी केलं' म्हणणं जमणारं नव्हतं. न केलेल्या कामाची वाहवा अंगावर घेऊन उभं राहणं हे मांदेली पलटण्यापेक्षा फार वाईट असतं, हे त्यांना तिथे कळलं. वाहवेला तर वासही नव्हता.

"ज्यानं हे केलं," साळवे शेवटी म्हणाले, "त्याचे सर्वांनी मनापासून आभार मानावेत."

"बघा, विनय!" मधुकाका उभे राहून म्हणाले. टाळ्यांचा कडकडाट झाला. फक्त जगदाळे वाजवत नव्हते. ते खुर्चीखाली वाकून चपला शोधत होते, आणि चपला त्यांच्या पायातच होत्या.